पिंग बाराच, तरी मित्र म्हणतात तू टेलिपोर्ट होतोस

प्रश्न असा आहे: कनेक्शन १०० एमबीपीएसचं, अपलोड २०. स्पीड टेस्टला पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, नेहमी १२ मिलिसेकंद. दिवसा व्हॅलरंट हा नेमबाजीचा गेम लोण्यासारखा चालतो, पण रात्री नऊनंतर घरातले सगळे टीव्ही-मोबाइल घेऊन बसले की व्हॉइसवर मित्र ओरडतात, "अरे, तू टेलिपोर्ट होतोयस!" चौघांचा माइनक्राफ्ट सर्व्हरही याच पीसीवर आहे आणि तोही नेमका त्याच वेळी गचके खातो. एक मित्र टेलस्केलमधून (दूरचे पीसी एका खासगी जाळ्यात जोडणारं ॲप) येतो, त्यालाच लॅग (उशीर) जास्त. पीसी वायफायवर, राउटर पलीकडच्या खोलीत. तर ३०० चा प्लॅन घ्यावा की गेमिंग राउटर?

तूर्त दोन्ही राहू द्या. तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाचे शब्द आहेत "नऊनंतर" आणि "घरातले सगळे". वेग कमी पडतोय असं त्यातून दिसत नाही. नेमबाजीचा गेम तासाला साधारण १०० एमबीच्या आसपास डेटा खातो. हिशेब केला तर पाव एमबीपीएससुद्धा होत नाही. १०० मधल्या ९५ टीव्हीने खाल्ल्या तरी उरलेल्या पाचात तुमच्यासारखे वीस जण खेळू शकतील. मग अडतं कुठे? तुमचं छोटंसं पॅकेट (डेटाचा एक तुकडा) कुठेतरी रांगेत उभं आहे. ती रांग मोडेममध्ये लागते की वायफायवर, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दोन्हीकडची रांग नऊलाच लागते, त्यामुळे नुसती वेळ बघून संशयित ठरवता येत नाही.

आधी मोडेमची रांग समजून घेऊ. घरातला एखादा मोबाइल दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला लागला की तो हळूहळू वेग वाढवत जातो आणि एखादं पॅकेट हरवेपर्यंत थांबत नाही. हरवलेलं पॅकेट हीच त्याला "आता पुरे" अशी खूण असते. पण मोडेम पॅकेट टाकून द्यायला तयार नसतो. त्याच्याकडे मोठा बफर असतो आणि तो सगळं त्यात साठवत बसतो. समजा बफर १ एमबीचा आहे. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट, आणि तुमचं अपलोड २०. तो भरलेला असताना मागून आलेल्या प्रत्येक पॅकेटला ८ भागिले २०, म्हणजे ०.४ सेकंद थांबावं लागतं. तुम्ही उजवीकडे सरकलात ही बातमी सर्व्हरला ४०० मिलिसेकंदांनी कळते. तुमच्या स्क्रीनवर तुम्ही भिंतीआड असता, मित्रांच्या स्क्रीनवर अजून उघड्यावर, आणि मग एकदम उडी. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट हे नाव देऊन ते चव्हाट्यावर आणलं.

तुमचा १२ हा आकडा रिकाम्या रस्त्याचा आहे. स्पीड टेस्ट तो आकडा लाइन मोकळी असताना घेते. ऊकलाच्या टेस्टमध्ये हल्ली पिंगचे तीन आकडे दिसतात: आयडल, डाउनलोड चालू असतानाचा आणि अपलोड चालू असतानाचा. लोक पहिलाच बघतात. तुम्ही तिसरा बघा.

आता तपासणी. वीस मिनिटांचं काम आहे. पीसीवर कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. पहिलीत राउटरला पिंग लावा, पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. पिंग थांबू नये म्हणून पत्त्यानंतर हायफन आणि टी लावायचा. दुसरीत तुमच्या इंटरनेट कंपनीच्या पहिल्या टप्प्याला पिंग. तो पत्ता शोधायला आधी ८.८.८.८ ला (हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर) ट्रेसर्ट ही वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड चालवा; पहिली ओळ तुमच्या राउटरची, दुसरी बहुधा कंपनीची. दुसऱ्या ओळीत नुसते तारे आले तर तिसरी घ्या. तिसऱ्या खिडकीत थेट ८.८.८.८. दोन मिनिटं काही न करता आकडे बघा. मग क्लाउडवर एक जीबीची फाइल चढवायला लावा आणि पुन्हा बघा. नंतर अपलोड थांबवून मोठं डाउनलोड लावा. हे एकदा दुपारी आणि एकदा रात्री साडेनऊला करायचं.

पहिली खिडकी १, १, २, १ अशी शांत आणि अपलोड सुरू होताच दुसरी-तिसरी ९ वरून १८७, २४०, ३१० अशी चढत गेली, की ती मोडेमची रांग. पहिलीच ३ वरून ६०, मग ४, मग १४० असं नाचत असेल, तर दुखणं वायफायचं आहे आणि बाकीच्या दोन खिडक्यांतले आकडे त्याचीच सावली. लाइनवर काही लोड नसताना पहिली आणि दुसरी शांत, पण रात्री फक्त तिसरी वाढते, तर गर्दी कंपनीच्या पुढच्या मार्गावर आहे. त्यावर घरात बसून इलाज नाही, आकड्यांसकट तक्रार करायची. तिन्ही शांत आणि तरी गेम अडकतो, तर नेटवर्क निर्दोष आहे. मग फ्रेम टाइम (एक चित्र काढायला पीसीला लागणारा वेळ) आणि सर्व्हरकडे वळायचं.

इथे एक चकवा असतो. मधल्याच एखाद्या टप्प्यावर २०-३० टक्के पॅकेट हरवताना दिसली आणि त्याच्या पुढचे टप्पे स्वच्छ असतील, तर ते सोडून द्या. मोठे राउटर पिंगला उत्तर देणं दुय्यम मानतात, पण पॅकेट पुढे नीट पाठवतात. खरा तोटा असेल तर तो तिथून शेवटपर्यंत दिसतो. हा स्क्रीनशॉट घेऊन कंपनीशी भांडणारे पुष्कळ भेटतात, आणि दर वेळी हरतात.

पहिला इलाज निकाल काहीही आला तरी करायचा: पीसीला केबल. वायफायवर एका वेळी एका चॅनेलवर एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. त्यात शेजाऱ्यांचे राउटरही आले. तिथे पॅकेट सहसा हरवत नाही, तीन-चार वेळा पुन्हा पाठवलं जाऊन उशिरा पोचतं. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, घरासाठी याहून महाग काही लागत नाही. फक्त पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल वाकवल्यावर आतून तुटते. लावल्यावर विंडोजमध्ये लिंक स्पीड बघा. १.० जीबीपीएस हवा. १०० एमबीपीएस दिसला तर चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे किंवा टोक नीट क्रिंप झालेलं नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात, म्हणून अशी केबल "चालते" आणि चूक लपून राहते.

केबल शक्यच नसेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा आणि टीव्ही तरी केबलवर टाका. टीव्ही जागचा हलत नाही आणि हवेतला सगळ्यात मोठा वाटा तोच खातो. सिग्नल बघायला विंडोजमध्ये 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही कमांड आहे. ७० टक्के म्हणजे साधारण उणे ६५ डीबीएम. त्याच्या खाली गेलात तर आधी राउटरची जागा बदला. २.४ गिगाहर्ट्झवरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. पीसीच्या मागे यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून वायफायचा डोंगल असेल तर तो एक्स्टेन्शन वायरने हातभर लांब न्या. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये पडतो, माउसचा बिनतारी रिसीव्हरसुद्धा त्याने अडखळतो. मेश (घरभर वायफाय पसरवणारे एकमेकांना जोडलेले डबे) लावणार असाल तर डब्यांमध्ये केबल ओढा. बिनतारी जोडलेला प्रत्येक डबा तेच पॅकेट हवेत पुन्हा एकदा बोलतो.

आता मोडेमच्या रांगेकडे. तुमचा त्रास मला मुख्यतः इथलाच वाटतो, कारण १०० ला २० असं एकांगी कनेक्शन आहे आणि मोबाइलचा बॅकअप बहुतेक रात्री घरी आल्यावर, चार्जिंगला लावल्यावर सुरू होतो. मोडेमचा बफर आपल्या हातात नसतो. हातात असतो तो राउटर. म्हणून युक्ती अशी: राउटरला सांगायचं की लाइन २० ची नाही, १८ ची आहे. मग मोडेमकडे कधीच २० भरून येत नाहीत, त्याचा बफर रिकामा राहतो आणि रांग राउटरमध्ये लागते. तिथे शहाणा व्यवस्थापक बसवता येतो. तो प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग लावतो आणि ज्याची रांग लांबली त्याचं एखादं पॅकेट वेळीच टाकतो, म्हणजे फोटोवाला मोबाइल आपसूक सबुरीने घेतो. गेमचं बारीकसं पॅकेट त्या गर्दीत अडकतच नाही. या घराण्यातला कोडेल कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला; त्याच्याच पुढच्या पिढीतला केक २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ कर्नलमध्ये आला. राउटरच्या मेनूत ही सोय एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) या नावाने शोधा.

ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर असेल तर 'लुसी-ॲप-एसक्यूएम' हे पॅकेज टाका. इंटरफेस म्हणून वॅन (राउटरची इंटरनेटकडची बाजू) निवडा. कनेक्शन युजरनेम-पासवर्डने लागत असेल तर पीपीपीओई-वॅन. डाउनलोड ९००००, अपलोड १८०००, दोन्ही किलोबिटमध्ये. क्यू डिसिप्लिन केक, स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक'. लिंक लेयरमध्ये इथरनेट, ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटच्या वेष्टनाचे बाइट) ४४. हा आकडा थोडा जास्त धरला गेला तरी नुकसान नगण्य, कमी धरला तर हिशेब चुकतो. ॲडव्हान्स्डमध्ये अपलोडसाठी 'नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट' आणि डाउनलोडसाठी 'नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट' लिहिलं की वाटणी प्रवाहानुसार न होता आधी माणशी होते. एका लॅपटॉपने टॉरेंटची पन्नास कनेक्शनं उघडली तरी त्याचा वाटा एकाचाच. मग पुन्हा एक जीबीची फाइल चढवा आणि खिडक्या बघा. ९ चे १२-१५ झाले तर जमलं. अपलोड ५००-५०० ने वाढवत न्या, पिंग हलायला लागला की एक पायरी मागे या. डाउनलोडला कपात थोडी जास्त लागते, कारण ती रांग मुळात कंपनीच्या टोकाला लागते आणि आपण ती फक्त लांबून आवरतो. ९० ला जमत नसेल तर ८५.

इथे तीन ठिकाणी हमखास चुकतं. एक, हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेट प्रोसेसरला टाळून थेट पुढे पाठवण्याची सोय) चालू राहतं. त्यात पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून जातात आणि "काही फरक नाही" असं वाटतं. ते बंद करा. दोन, कंपनीच्या डब्याचं वायफाय चालूच असतं आणि टीव्ही त्याला जोडलेला. तुमच्या राउटरला तो दिसतच नाही, तर आवरणार कसा? त्या डब्याचं वायफाय बंद करून सगळं घर तुमच्या राउटरमागे आणा. तीन, राउटरचा प्रोसेसर. हे काम तो स्वतः करतो, आणि जुना, साधा राउटर शंभर-दीडशे एमबीपीएसलाच धापा टाकतो. अशा वेळी डाउनलोडचा आकडा ० ठेवायचा, म्हणजे मर्यादा नाही, आणि फक्त अपलोडला १८ ची वेसण घालायची. १८ एमबीपीएस कुठलाही राउटर झेलतो, आणि तुमच्यासारख्या लाइनवर दुखण्याचा मोठा भाग तिथेच असतो.

लाइनचा वेगच दिवसभर बदलत असेल, म्हणजे ४जी-५जीचा डबा वगैरे, तर ठरावीक आकडा जमत नाही. रात्री लाइन १२ वर आली की १८ ची मर्यादा निरुपयोगी. त्यासाठी केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट आहे, ती पिंग बघून आकडा खालीवर करते. आणि अपलोड-डाउनलोड दोन्ही ३०० असलेल्या फायबरवर मोबाइलचा बॅकअप मिनिटभरात उरकतो, तिथे हा सगळा खटाटोप बहुतेकदा लागतच नाही.

राउटर बदलता येत नसेल तर रांग लावणाऱ्यांनाच आवरा. फोटोंचा बॅकअप पहाटेवर ढकला. विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये इतर पीसींना अपडेट वाटण्याची सोय बंद करा. स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये मर्यादा घाला. मूळ राउटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल असेल तर तिथे अपलोडचा आकडा हाताने १८ लिहा, 'ऑटो'वर सोडू नका.

माइनक्राफ्ट वेगळं बघावं लागेल. जावा आवृत्ती टीसीपीवर चालते: एक पॅकेट हरवलं की मागची सगळी थांबतात आणि मग एकदम धावत येतात. म्हणून तिथे लॅग दिसतो तो असा: गायी जागच्या जागी गोठतात आणि पाच सेकंदांनी एका झटक्यात सगळीकडे पळतात. व्हॅलरंट हरवलेल्या पॅकेटची वाट बघत नाही, तिथे उडी दिसते. आजार एकच, लक्षणं दोन. पण माइनक्राफ्टला दुसरंही कारण असू शकतं. सर्व्हर सेकंदाला २० टिक (खेळाचं जग पुढे सरकवणाऱ्या पायऱ्या) मोजतो, प्रत्येकीला ५० मिलिसेकंद. त्याच पीसीवर तुम्ही गेमही खेळत असाल तर प्रोसेसर कमी पडून टिक लांबते, आणि मग सगळ्यांचा पिंग उत्तम असूनही जग संथ होतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये 'कान्ट कीप अप'ची ओळ शोधा. ती त्या वेळेला दिसली तर राउटरला बोल लावू नका.

शिवाय होस्ट तुम्ही आहात, म्हणजे तिघांचं जग तुमच्या २० च्या अपलोडमधून जातं. व्ह्यू डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं जग दिसतं ते) १० म्हणजे प्रत्येकाभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे). एखादा एलिट्रा (गेममधले पंख) लावून उडाला की नवे चंक धडाधड पाठवावे लागतात. ८ केलंत तर १७ गुणिले १७, म्हणजे २८९ वर येतं. एक तृतीयांश ओझं कमी, आणि खेळताना फरक जाणवत नाही. सर्व्हर जुन्या पडून असलेल्या पीसीवर केबलने चालवलात तर टिकचाही प्रश्न सुटतो.

एक मित्र टेलस्केलमधून येतो आणि त्यालाच जास्त लॅग असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या पीसीवर टेलस्केल स्टेटस बघा. तुमच्या नावापुढे 'डायरेक्ट' हवं. 'रिले' असेल तर त्याचं प्रत्येक पॅकेट तिसऱ्याच ठिकाणाहून वळसा घेऊन येतंय. असं बहुधा दोन्ही टोकं कॅरियरच्या नॅटमागे (कंपनी अनेक घरांना एकच सार्वजनिक पत्ता देते ती सोय) असली की होतं. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही त्यातलेच आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंगला (बाहेरून येणाऱ्यांसाठी राउटरमध्ये वाट उघडायला) कितीही वेळ घालवला तरी ते चालणार नाही. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घ्या, किंवा दोघांकडे आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर ते वापरा. अंतराचा भाग मात्र कुणी कमी करू शकत नाही: फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या मित्राला जाऊन-येऊन निदान १० मिलिसेकंद लागणारच, आणि तारा सरळ रेषेत जात नाहीत.

आता मूळ प्रश्न. ३०० च्या प्लॅनमध्ये अपलोड २० च राहणार असेल तर तो घेऊन काहीच बदलणार नाही. अपलोड ५० होणार असेल तर वरच्या हिशेबातली ४०० मिलिसेकंदांची रांग १६० ची होईल, म्हणजे दुखणं कमी होईल, जाणार नाही. गेमिंग राउटरच्या खोक्यावर लिहिलेली 'गेम प्रायॉरिटी' तेव्हाच कामी येते जेव्हा रांग राउटरमध्ये लागते. ती मोडेममध्ये लागत असेल तर प्राधान्य मिळालेलं पॅकेटसुद्धा पुढे जाऊन त्याच गर्दीत उभं राहतं. राउटर घ्यायचाच झाला तर अँटेना मोजू नका. त्यात एसक्यूएम आहे का आणि ते चालू असताना किती एमबीपीएस झेपतात, हे दोनच प्रश्न विचारा.

आधी केबल ओढा आणि रात्री साडेनऊला तिन्ही खिडक्यांचे आकडे इथे टाका, लोड नसतानाचे आणि अपलोड चालू असतानाचे. राउटरचं मॉडेलही लिहा, म्हणजे त्यात एसक्यूएम बसतं का ते सांगता येईल.